भोयर मिस्त्रींचा खुराक

आर्वीच्या शाळेत माझी बदली झाली आणि जून महिन्यातल्या एका सकाळी आईला आणि सामानाला घेऊन मी टेम्पोने भोयरांच्या दारात येऊन उभी राहिले. मी उतरले. आई उतरेना. तिने दाराची दांडी धरली, एक पाय खाली सोडला, पुन्हा वर घेतला. परत सोडला, परत घेतला. शेवटी मी तिला खांदा दिला आणि टेम्पोवाल्याने काखेत हात घातला, तेव्हा कुठे तिचे पाय जमिनीला लागले.

घरमालक अंगणात पाण्याची मोटर उघडून बसले होते. खाकी हाफपँट, बनियन, हातात पाना. सत्तरी ओलांडलेला उंच, काटक माणूस. ते उठून आमच्याकडे आले. मला वाटलं, आता विचारतील प्रवास कसा झाला. त्यांनी विचारलं, "ताईनं सकाळी काय खाल्लं?"

"चहा-टोस्ट," मी म्हणाले.

"अन् काल रातच्याला?"

"भात. वरणाचं वरचं पाणी. तिला आता जास्त जात नाही हो. वय झालं."

त्यांनी पाना मोटरीवर ठेवला. "मास्तरीणबाई, म्या तीसच्या वर वर्षं एसटीच्या डेपोत मिस्त्रीचं काम केलं. ड्रायव्हर गाडी आणून लावे अन् सांगे, मिस्त्री, चढावावर दम टाकून राह्यली. म्या जर कागदावर लिहून देल्लं असतं का गाडी म्हातारी झाली, तं सायबानं मलेच घरी पाठवलं असतं. कारण लिहा लागते. वय हे कारण नाई."

घराची किल्ली अजून माझ्या हातात पडायची होती. मला राग आला. आई सात वर्षं माझ्याजवळ होती, बाबा गेल्यापासून तिचं सगळं मीच बघत होते, आणि हा अनोळखी माणूस मला अंगणात उभं करून तिच्या जेवणाचा जाब विचारत होता. मी म्हणाले, "काका, किल्ली देता का?" त्यांनी दिली, आमची लोखंडी पेटी एकट्याने उचलून आत नेऊन ठेवली आणि परत मोटरीपाशी जाऊन बसले.

गावात त्यांना कोणी मारोतराव म्हणत नसे. ते भोयर मिस्त्री. नोकरी सुटून कैक वर्षं झाली होती, तरी नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ होतीच. बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघण्याची त्यांना सवय नव्हती. ते पायांकडे बघत. संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बाकावर बसत आणि गाडी लागली की कोण कसं उठतं ते पाहत. घरी येऊन सांगत, "जळगाववाल्या गाडीले एक बुढा होता. तीन झटके देल्ले तवा उठला. संग पोरगा होता, त्यानं बॅग उचलली अन् बापाकडे पाह्यलंबी नाई." त्यांच्या बायकोला, इंदूकाकूंना, या उद्योगाची भीती वाटे. "बायांच्या पायाकडे काय पाह्यता जी," त्या म्हणत, "एक दिवस लोक मारतीन."

आणि त्यांचा शब्द होता खुराक. आमच्याकडे हा शब्द पैलवानाचा आणि बैलाचा. म्हाताऱ्या माणसाला खुराक म्हटलं की लोक हसत. मिस्त्री हसणाऱ्याच्या घरातच शिरत. गल्लीतल्या एका चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्याला त्यांनी माझ्यादेखत सुनावलं होतं, "वखरनी आली का तू बैलाले सरकी-ढेप चारतो, अन् बापाले देतो टोस्ट. बैलानं तुले लहानाचं मोठं केलं का बे?" तो शेतकरी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. पण त्याच्या बापाच्या ताटात घट्ट वरण आलं, हे इंदूकाकूंनी त्याच्या सुनेकडून काढून घेतलं.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते काकूंनीच मला सांगितलं. आमच्या येण्याच्या दोन वर्षं आधी मिस्त्रींना न्यूमोनिया झाला होता. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पंधरा-वीस दिवस काढले. जीव वाचला. घरी आणले तेव्हा बनियन अंगात घातल्यासारखं दिसत नव्हतं, दोरीवर वाळत टाकल्यासारखं दिसत होतं. भेटायला येणारा जो तो म्हणे, देवानं वाचवलं, आता पडून राहा, हलकं खा. कोणी साबुदाण्याची पेज आणे, कोणी नारळपाणी, कोणी मुगाचं पाणी. मिस्त्री आज्ञाधारकपणे पडून राहिले आणि हलकं खात राहिले. मग एका सकाळी ते संडासात बसले आणि त्यांना उठता येईना. काकूंनी बाहेरून हाका मारल्या. शेवटी शेजारच्यांना बोलवावं लागलं. दोघांनी धरून त्यांना बाहेर आणलं.

"त्या दिवशी हे रडले," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षांत म्या पह्यल्यांदा पाह्यलं."

पुढच्या तपासणीला दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने त्यांची पोटरी टेपने मोजली. ती म्हणाली, "काका, ताप गेला, पण जाताना पायाचं मांस घेऊन गेला. तुमच्या वयाला खाटेवर पडून ते फार लवकर झडतं. नुसता आराम केला तर परत येत नाही. नुसतं खाल्लं तरी येत नाही. खाणं आणि पायांना काम, दोन्ही लागतं." मिस्त्रींना हे पटलं, कारण पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना कारण सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, काय, कधी, कितीदा. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घेतलं. तिन्ही वेळच्या जेवणात डाळ, दूध, दही, अंडं, चणे यातलं काहीतरी पोटभर असलंच पाहिजे. एकाच वेळी सगळं ढकलून भागत नाही. आणि प्रत्येक जेवणाआधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, जमेल तितक्यांदा.

काकूंच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नव्हतं. मिस्त्रींनी मागच्या अंगणात तीन विटांची चूल मांडली, एक जुना गंज, म्हणजे पातेलं, घेतला आणि स्वतःची अंडी स्वतः उकडली. चार महिन्यांनी सायकलवर टांग मारून ते डेपोत चहा प्यायला गेले.

इतकं सगळं काकूंनी अभिमानाने सांगितलं. या गोष्टीचा पुढचा भाग मात्र त्यांनी सांगितला नाही. तो मिस्त्रींनी सांगितला, आणि तो सांगताना त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

ते सायकल चालवायला लागले त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. काकूंनी सोलापुरी चादर धुऊन दोरीवर टाकली आणि तिच्यातून पाण्याची धार लागली. मिस्त्री ओरडले, "पिळली काऊन नाई?" काकू म्हणाल्या, "पिळल्याच जात नाई जी." त्यांनी बायकोपुढे आपली दोन बोटं धरली. म्हणाले, दाब.

"मास्तरीणबाई, मले वाटलं का हे अजून दाबूनच नाई राह्यली. म्या म्हतलं, दाब ना. तं म्हणे, दाबूनच राह्यली."

त्या दुपारी त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा बायकोचं ताट पाहिलं. अर्धी भाकर, जवसाची चटणी, वांग्याच्या भाजीचा रस्सा. घट्ट वरण त्यांच्या ताटात गेलं होतं, दह्याची वाटी त्यांच्या ताटात गेली होती. सोमवार, गुरुवार आणि एकादशी हे तीन उपास वेगळे. त्या दिवशी नुसता साबुदाणा.

"माह्या पायावर जे मांस चढलं," मिस्त्री म्हणाले, "ते हिच्या ताटातून आलतं. अन् मी सायकल घेऊन गावभर मिरवून राह्यलतो."

त्यांनी बायकोला उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ते स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि म्हणाले, तुझं ताट वाढ, मग मी जेवतो. काकू म्हणाल्या, मी मागून जेवीन. मिस्त्री बसून राहिले. वरण निवलं. तीन दिवस त्यांनी निवलेलं वरण खाल्लं. चौथ्या दिवशी काकूंनी आपलं ताट वाढून घेतलं आणि थोडी पाठ वळवून, पहिल्या रात्रीच्या नवरीसारख्या लाजत, त्या नवऱ्यासोबत जेवल्या. उपास सोडायला मात्र त्या तयार नव्हत्या. तिथे मिस्त्रींनी तडजोड केली. साबुदाणा गेला, त्याच्या जागी दाणे, राजगिरा, दूध, दही आलं. काकू म्हणाल्या, "देवाले चालते तं मलेबी चालते." अंडं त्यांनी शेवटपर्यंत खाल्लं नाही. त्याऐवजी सोयाबीनच्या वड्या खात. मिस्त्री म्हणत, आपल्या जिल्ह्यात घरोघरी सोयाबीन पिकते, ट्रकाच्या ट्रक बाजार समितीत जाते, पण पिकवणाऱ्याच्या म्हाताऱ्या मायच्या ताटात कधी दिसत नाई.

मी जेव्हा काकूंना पाहिलं, तेव्हा त्या विहिरीवरून भरलेली बादली एका हाताने आणत. त्यामुळे ती चादरीची गोष्ट मला खोटी वाटली असती, जर मिस्त्रींचा आवाज तसा खाली गेला नसता.

आईचं आणि मिस्त्रींचं सुरुवातीला जमलं नाही. ते सकाळी ओट्यावर येत, "ताई, उठून दाखवा," म्हणत. आई म्हणे, "काऊन? मले का कुठं शर्यतीले जायचं आहे?" काकू वाटीत काही ना काही आणून देत. मुगाचं धिरडं, डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात, बेसनाच्या पातोडीचा रस्सा. आई वाटी ठेवून घेई आणि मग मला म्हणे, "तू खाऊन टाक, मले नाई जात." ती चहात बुडवून टोस्ट खाई. आणि माझी खात्री होती की म्हातारपणी भूक मरतेच.

श्रावणात एका सकाळी मी शाळेत गेले होते, आणि आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही. पण तिला जमिनीवरून उठता येईना. ती ओरडली नाही. लाजेने. भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसून राहिली, तासभर की जास्त, तिलाच माहीत. काकू वाटी द्यायला आल्या, तेव्हा त्यांना दार आतून बंद दिसलं आणि आतून आवाज आला, "मी बसली आहे, बाई. उठता येऊन नाई राह्यलं." मिस्त्रींनी दाराची कडी बाहेरून स्क्रू काढून उघडली, काकूंना आत पाठवलं आणि स्वतः पाठ करून उभे राहिले.

मी घरी आले, तेव्हा आई खाटेवर होती. मला म्हणाली, "मले समुद्रपूरले सोडून दे, भाऊजवळ. तुले नोकरी करू दे. मी पडूनच राह्यन आता." तिचा आवाज शांत होता, त्याने मी जास्त घाबरले.

संध्याकाळी मिस्त्री आले. त्यांच्या खिशात फुटाणे होते. ते आईजवळ स्टुलावर बसले, मूठभर फुटाणे तिच्या हातावर ठेवले आणि डेपोतल्या गमती सांगायला लागले. एका ड्रायव्हरने गाडीत विसरलेली कोंबडी आठ दिवस डेपोत अंडी घालत होती, असली काहीतरी. आई हसली. ती मधून मधून तोंडाकडे हात नेत होती. थोड्या वेळाने मिस्त्री उठून बाहेर आले आणि मला म्हणाले, "एकबी दाना खाल्ला नाई. सगळे पदरात हायेत. कवळी कुठाय तिची?"

कवळी पेटीत होती. डबीत, कापसात गुंडाळलेली. वर्षाच्या वर झालं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "टोचते वं ते. जखम होते. तुले काय सांगू, एवढे पैसे घालून केली." म्हणजे भूक मेली नव्हती. तिला चावताच येत नव्हतं. डाळीचा गाळ तिच्या हिरड्यांत अडके, भाकर तुटत नसे, म्हणून ती चहात भिजलेल्या टोस्टवर आणि वरणाच्या पाण्यावर आली होती. एका घरात, एका ताटाशी बसून, मी वर्षभर हे पाहिलं नव्हतं. मी तिला कारण विचारलंच नव्हतं.

मिस्त्री मला म्हणाले, "उद्या सुट्टी टाकजो. दातवाल्याकडे जाऊ." दातवाल्याने कवळी तासली, आठ दिवसांनी पुन्हा तासली. तोवर काकू आईसाठी डाळ घोटून घट्ट करत, दह्यात दाण्याचा कूट कालवत. मिस्त्रींनी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. उंच बैठकीवरून उठणं सोपं. पहिल्या दिवशी आई दोनदा उठली आणि म्हणाली, बस. मिस्त्री म्हणाले, "बस तं बस. उद्या पुन्हा."

इथवर मी मिस्त्रींच्या पूर्ण भजनी लागले होते. आणि तेव्हाच शामराव डाहाक्यांचं प्रकरण झालं.

शामराव आमच्या समोर राहणारे शिंपी. मशीन चालवणं सुटलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मिस्त्रींनी त्यांना डबा सुरू केला. सकाळी दोन अंडी, दुपारी घट्ट डाळ, संध्याकाळी पनीर नाहीतर चणे. शामरावांना जिभेचे चोचले आवडत; त्यांनी आनंदाने खाल्लं. त्यांना मूत्रपिंडाचा जुना आजार होता, डॉक्टरांनी डाळ-अंडी मोजून खायला सांगितली होती, हे ना त्यांनी मिस्त्रींना सांगितलं ना मिस्त्रींनी विचारलं. महिन्या-दीड महिन्यात त्यांचे पाय सुजले, दम लागायला लागला. वर्ध्याला न्यावं लागलं.

त्यांची मुलगी सुनंदा सासरहून आली ती थेट भोयरांच्या अंगणात. सगळी गल्ली ऐकत होती. "मिस्त्री, तुमाले डॉक्टरकी कोनं शिकवली? गाडी अन् माणूस एक नसते. माह्या बापाले काई झालं तं तुमाले सोडणार नाई."

मिस्त्री उभे राहून ऐकत होते. काकू मध्ये पडायला गेल्या, तर त्यांनी हाताने थांबवलं. सुनंदा बोलून थकली, तेव्हा ते म्हणाले, "चुकलो पोरी. विचाराले पाह्यजे होतं."

त्या दिवशी मी आईचं घट्ट वरण बंद केलं. खरं सांगायचं तर घाबरले. दोन दिवस आईला पुन्हा भात आणि पाणी. तिसऱ्या दिवशी मिस्त्री दारात आले. आत आले नाहीत. "बंद केलं ते बरोबर केलं," ते म्हणाले. "आता ताईचं रक्त तपासून घेजो. डॉक्टरनं कागदावर हो म्हतलं तरच सुरू करजो. माह्या भरवशावर नको." एवढं बोलून ते वर्ध्याच्या गाडीला गेले. दवाखान्यात शामरावांच्या पलंगाशी बसले. त्यांना नमस्कार केला. मग आहार सांगणाऱ्या बाईंच्या दाराबाहेर दुपारपर्यंत थांबून त्यांनी एकच गोष्ट विचारली: कोणाला काय देऊ नये. येताना चिठ्ठी भरून आणली.

त्यानंतर मिस्त्रींचा पहिला प्रश्न बदलला. "सकाळी काय खाल्लं"च्या आधी ते विचारत, "किडनीचा कागद हाये का?" कागद नसला तर समोरच्याने कितीही गयावया केली, तरी डबा जात नसे. शामराव बरे होऊन घरी आले, मोजून जेवू लागले. मिस्त्री त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जात आणि डॉक्टरांनी सांगितलेले पायांचे हलके व्यायाम करून घेत. शामराव म्हणत, "खुराक नाई तं नाई, गोष्टी तं सांग." सुनंदा दिवाळीला आली, तेव्हा तिने मिस्त्रींना फराळाचं ताट दिलं. वर म्हणाली, "याच्यात साखर हाये, काका. तुमचा कागद पाह्यला का?" मिस्त्री खदखदून हसले. कित्येक दिवसांनी.

आईचा कागद चांगला निघाला. वरण सुरू झालं, कवळी बसली. तिने पहिल्यांदा भाकरीचा पापुद्रा दाताखाली तोडून खाल्ला, तेव्हा डोळे मिटून घेतले. खुर्चीवरची एक उशी गेली, मग दुसरी गेली. मग मिस्त्रींनी सतरंजी टाकली आणि जमिनीवरून उठायचं शिकवलं: आधी कुशीवर, मग हात आणि गुडघे, मग एक पाऊल पुढे, आणि मग ताकद मांडीतून. काकू शेजारी बसून तेच करत. दोघी एकमेकींना चिडवत, हसत. आई एकदा म्हणाली, "मले वाटलं न्हाणीतच माहं आयुष्य संपलं." मिस्त्री म्हणाले, "उठता आलं का संपत नसते, ताई. पुढं चालू."

फेब्रुवारीत समुद्रपूरला मामाच्या नातीचं लग्न होतं. घरचंच लग्न, अंगणात पंगत. आईला खुर्ची आणून दिली, तर तिने नको म्हटलं आणि जमिनीवरच्या बसकरपट्टीवर मांडी घालून बसली. मी वाढत होते. माझं अर्धं लक्ष तिच्याकडे. जेवण झालं, पंगत उठली, दोन्ही बाजूंच्या बायांनी तिला सवयीने हात पुढे केले. आईने दोन्ही हात बाजूला सारले. एक हात जमिनीला लावला, गुडघा घेतला, पाऊल पुढे टाकलं आणि उभी राहिली. पदर सारखा केला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वरणात मीठ कमी आहे वं." माझ्या हातातलं वरणाचं भांडं डोळ्यांतल्या पाण्याने दिसेनासं झालं.

आर्वीत मी पाच वर्षं राहिले. मग वर्ध्याला बदली झाली आणि आम्ही निघालो. मिस्त्रींचा फोन येई, आणि तो माझ्यासाठी नसे. "ताईले दे." आई फोन कानाला लावून सांगे, "हो, खाल्लं. हो, अकरा वेळा. नाई जी, खोटं काऊन बोलन?"

पुढच्याच वर्षी बाजाराच्या दिवशी एका मोटारसायकलने मिस्त्रींना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेसाठी वर्ध्याला आणलं, म्हणजे आमच्याच गावी. त्या वयात खुबा मोडला की आमच्याकडे माणसं मनातल्या मनात हिशोब करतात. आईने तर देवापाशी दिवा लावून ठेवला. मी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. काकू बाहेरच भेटल्या. म्हणाल्या, "डॉक्टर म्हणे, अंगात गंगाजळी हाये यांच्या. त्याच्यावर निभावतीन." त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

आत मिस्त्री पलंगावर बसून शेजारच्या पलंगाशी बोलत होते. तिथे देवळीकडचा एक म्हातारा होता आणि त्याचा मुलगा त्याला चहात बिस्कीट बुडवून भरवत होता. "किडनीचा कागद पाह्यला का?" मिस्त्री त्या मुलाला विचारत होते. "साफ हाये? मंग हे बिस्किट काऊन? जाय, खालून दही घेऊन ये. अन् मले सांग, याचे दात कसे हायेत?" मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. मी त्याला म्हणाले, "आणा दही."

त्यानंतर मला मिस्त्री दिसले नाहीत. ते बरे होऊन आर्वीला गेले, वर्षभर चालले-फिरले आणि एका सकाळी न्याहारी करून ओट्यावर बसले असताना हृदय थांबून गेले. माझ्या शाळेत परीक्षा होती, मला दोन दिवसांनी कळलं. म्हणून माझ्यासाठी शेवटचे मिस्त्री त्या दवाखान्यातलेच.

त्या दुपारी व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. बारकीशी, नवी असावी. ती म्हणाली, "काका, आज फक्त दारापर्यंत. तिथून परत." मिस्त्रींनी वॉकर धरला, ओठ दाबले, आणि त्यांना उभं राहताना किती दुखतं ते एकदाच त्यांच्या मानेवर दिसलं. मग एक पाऊल. मग दुसरं. दारापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला. मुलगी म्हणाली, "छान. आता वळा." मिस्त्री दारात उभे राहिले. समोर लांब व्हरांडा होता, शेवटी खिडकी आणि खिडकीत दुपारचं ऊन. ते वळले नाहीत. वॉकर उंबऱ्यापलीकडे ठेवला आणि पुढे निघाले.

"काका! काका, दारापर्यंतच म्हटलं होतं!" मुलगी मागे धावली.

काकू पलंगावरची चादर झटकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"जाऊ दे वं पोरी," त्या म्हणाल्या. "थकले तं येतीन."